वजन उतरलं, टिकलं पण, आता रविवारची मिसळ परत सुरू कशी करायची?

ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांनी बरंच मोठं लिहिलंय, त्यातलं मुद्द्याचं एवढं: वय ३६, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, वजन ९१ वरून ७६ वर आणलं आणि सहा-सात महिने तिथेच आहे. आठवड्याला सहा दिवस जिम, घरात स्वतःचं वेगळं जेवण, रोज सकाळी काटा. आणि त्यांचं म्हणणं असं की ताई, फिट झालो पण मजा गेली, रविवारी घरचे सगळे मिसळ खायला जातात तेव्हा मी घरी थांबतो, रंगपंचमीला मित्र रहाडीवर (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदावर) गेले आणि मी जिमला, बहिणीच्या साखरपुड्यात डबा घेऊन गेलो तर आईच्या डोळ्यात पाणी आलं, आणि जरा सैल सोडलं की काटा लगेच दीड किलो वर जातो आणि भीती वाटते की सगळं परत पहिल्यासारखं होईल. बॅलन्स नक्की करायचा कसा?

पहिलं म्हणजे मनापासून अभिनंदन. वजन उतरवणारे खूप असतात, उतरवलेलं सहा महिने टिकवणारे त्या मानाने फार कमी, आणि तेही शिफ्ट ड्युटी सांभाळून. मी गंगापूर रोडला बरीच वर्षं लोकांना व्यायाम शिकवतेय, माझ्याकडे कंपनीतले लोक येतात, द्राक्षबागायतदार येतात, प्रेसमधून रिटायर झालेले काका येतात, बाळंतपणानंतरच्या मुली येतात, आणि तुमचा जो प्रश्न आहे तो आता दरवर्षी जास्त लोक घेऊन येतात. पूर्वी सगळ्यांचं एकच असायचं, वजन कमी कसं करू. आता विचारतात की केलं कमी, आता पुढे काय.

तर पुढे काय हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही, खरी अडचण तिथे आहे. तुमचं वजन कमी करायचं काम संपलंय. झालं ते काम. पण तुम्ही अजून त्याच कामाच्या नियमांनी जगताय. घर बांधून झालं, रंग पण लागला, आणि परांची मात्र तशीच उभी, त्यामुळे खिडकी उघडता येत नाही, तसं झालंय तुमचं. परांची वाईट नसते, तिच्याशिवाय घर उभंच राहिलं नसतं, पण ती काढायची वेळ असते आणि ती हळूहळू काढायची असते.

कमवायला जेवढा व्यायाम लागतो त्याच्यापेक्षा टिकवायला खूपच कमी लागतो. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेत. ताकद आणि मसल आठवड्याला एका सेशनमध्ये, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट करूनसुद्धा, ३२ आठवड्यांपर्यंत टिकल्याचं दिसलंय, अट एकच की उचलायचं वजन कमी करायचं नाही. वय ६० च्या पुढे असेल तर थोडं जास्त लागतं, आठवड्याला दोन सेशन धरा. दमसासाचं पण तसंच, आठवड्याला दोनदा केलं तरी किंवा प्रत्येक वेळचा वेळ निम्म्यावर आणला तरी तो साधारण १५ आठवडे टिकतो, फक्त वेग आणि जोर आधीचाच ठेवायचा. म्हणजे कमी करायचं असेल तर दिवस कमी करा, मिनिटं कमी करा, सेट कमी करा, पण किलो कमी करू नका. लोक नेमकं उलटं करतात, सहा दिवस येतात आणि दमलेल्या अंगाने हलकं हलकं काहीतरी करून जातात.

आता हे वाचून तुम्ही सहाचे एक दिवस करू नका, तसं मी म्हणत नाहीये. एक दिवस हा तळ आहे, कंपनीत ऑडिट आहे, घरात लग्न आहे, पोरगं आजारी आहे, अशा आठवड्यांसाठी. नेहमीच्या आठवड्याला तुम्ही तीन दिवस करा, पन्नास एक मिनिटांचे, त्यात बसून उठायचा एक व्यायाम, जमिनीवरून उचलायचा एक, ढकलायचा एक, ओढायचा एक, आणि शेवटी दोन्ही हातात वजन घेऊन चालणं. बास. बाकीचे तीन दिवस मोकळे झाले, आणि ते दिवस कुठे घालवायचे तेच तर तुमचा प्रश्न आहे.

पण एक गोष्ट आहे जी मी लपवणार नाही कारण नंतर तीच तुम्हाला त्रास देईल. ताकद टिकवणं सोपं आहे, वजन टिकवणं तेवढं सोपं नाही. १५ किलो उतरल्यावर शरीर आधीपेक्षा कमी खर्च करतं, एक तर अंगच हलकं झालं आणि वर शरीर स्वतः पण काटकसर करतं, आणि भूक मात्र थोडी जास्त लागते, आणि हे बरेच महिने चालतं. म्हणजे ९१ किलोच्या वेळचं जेवण परत आणलं तर ९१ परत येणार, त्यात काही शंका नाही. म्हणून जिम कमी करा पण चालणं वाढवा. जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, पण ज्यांनी वजन उतरवलंय आणि टिकवायचंय त्यांनी २५० च्या आसपास किंवा वर राहिलेलं बरं. मध्यम म्हणजे काय तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढं. आणि पूर्वी असं म्हणायचे की सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, २०२० पासून ती अट काढली आहे, तुटक तुटक झालेलं पण धरतात. म्हणजे जिने, भाजी आणायला पायी, बुधवारच्या बाजारात पिशव्या घेऊन फिरणं, पोरांना सायकल शिकवताना मागे पळणं, हे सगळं त्या २५० मध्ये येतं.

दहा हजार पावलांचं पण सांगून टाकते कारण तुम्ही लिहिलंय की रात्री ९,२०० झाली तर हॉलमध्ये फेऱ्या मारता आणि बायको चिडते. तो दहा हजारचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं त्याच्या नावात तो होता. नंतरच्या अभ्यासात मोठा फायदा सात-आठ हजारापर्यंतच दिसतो, पुढे फायदा आहे पण थोडा थोडा. त्यामुळे ९,२०० ला झोपा. खरंच झोपा.

आता काट्याचं. रविवारी सैल खाल्लं आणि सोमवारी दीड किलो वाढलं, याची भीती गेल्याशिवाय पुढचं काहीच जमणार नाही म्हणून नीट समजून घ्या. एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त जायला लागतात. एका रविवारी तेवढं जास्तीचं जेवण ठरवून पण पोटात मावणार नाही. मग दीड किलो आलं कुठून? पाणी. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरतं, पाव, जिलेबी, भात खाल्ला की स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साखरेचा साठा भरतो आणि त्या साठ्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी अडकतं, आणि बाकी जे पोटात अजून पचतंय त्याचं पण वजन असतंच ना. बुधवार-गुरुवारपर्यंत ते आपोआप जातं. तुम्ही मात्र सोमवारी घाबरून जेवण निम्म्यावर आणता, गुरुवारी काटा खाली येतो आणि तुम्हाला वाटतं की उपाशी राहिलो म्हणून आला. उपाशी नसता राहिलात तरी आला असता! हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाचा असतो आणि त्यापायी लोक वर्षानुवर्षं सोमवार-मंगळवार उपाशी काढतात.

रोज काट्यावर उभं राहायचं असेल तर राहा, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. नाहीतर आठवड्यातून एकदा, गुरुवारी किंवा शुक्रवारी. आणि एक आकडा ठरवू नका, पट्टा ठरवा, तुमच्यासाठी ७५ ते ७८. सरासरी त्या पट्ट्यात आहे तोपर्यंत काही करायचं नाही. सलग तीन आठवडे ७८ च्या वर राहिली तर रात्रीच्या जेवणातून एक पोळी काढा, अर्धा तास चालणं वाढवा, इतकंच, पळापळ नाही. आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा बेंबीच्या लेव्हलला, आपल्या भारतीय पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांना ८० च्या आत हे वजनापेक्षा जास्त कामाचं आहे कारण आपली चरबी पोटाकडे आधी जाते, हातपाय बारीक असले तरी.

मिसळ. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नाशिकमध्ये राहून मिसळीशी भांडण घेऊन जगता येत नाही आणि घ्यायचं कारण पण नाही. मिसळीत मुळात काय आहे, मोड आलेली मटकी, म्हणजे प्रोटीन आणि फायबर, कांदा, कोथिंबीर, लिंबू, बाजूला दही. हे सगळं चांगलंच आहे, डाएटच्या नावाखाली तुम्ही उकडलेले मूग खाता त्याच घराण्यातलं आहे. जड काय आहे तर तर्री आणि फरसाण, आणि आपल्याकडे रस्सा परत परत मिळतो म्हणून पावांची संख्या. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरीच्या आसपास, आणि दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा रस्सा घेताना वरची तर्री येते, मटकी येत नाही. मग मी लोकांना काय सांगते, पहिली प्लेट जशी येते तशी खा, फरसाणासकट, पापडासकट, काहीही बाजूला काढू नका. परत घ्यायचंच असेल तर मटकी मागा, रस्सा नको, दही संपवा, पाव दोन बास. जिलेबी असेल तर एक खा आणि गरम असेल तरच, बुधा हलवाईची असेल तर दोन, माझी हरकत नाही.

आणि रविवारी सकाळी मिसळ आहे म्हणून शनिवारी रात्री उपाशी, हे बंद. उपाशी पोटी गेलात तर चार पाव जाणार हे ठरलेलं. शनिवारी नीट जेवा, डाळ भात भाजी पोळी. रविवारी मिसळ झाल्यावर दुपारी भूक लागेपर्यंत थांबा, बहुतेकांना तीन-चार वाजेपर्यंत लागत नाही, मग ताक, काकडी, दोन अंडी नाहीतर वाटीभर उसळ, आणि संध्याकाळी लवकर साधं जेवण. हे शिक्षा म्हणून करायचं नाही, भूक नाहीये म्हणून करायचंय, यात फरक आहे आणि तो फरक तुम्हाला आतून कळतो. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, आपल्या आजी शतपावली म्हणायच्या तेच, जेवणानंतर साखर जी उसळते ती याने खरंच कमी राहते. मिसळवाल्याकडून निघून लगेच गाडीत बसण्याऐवजी पोरांना घेऊन एक चक्कर मारा, मखमलाबाद रोडला गेलात तर बाजूला शेतं आहेतच, पंचवटीत गेलात तर गोदाघाटापर्यंत जाऊन या.

तुमच्या प्रश्नात एक ओळ अशी आहे की "दिवसभर डोक्यात जेवणच असतं, युट्यूबवर रात्री खाण्याचे व्हिडिओ बघत बसतो." ही ओळ मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ ला एक प्रयोग झाला होता, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खायला घालायचं हे कळावं म्हणून ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरलं ते सोडा, पण ती मुलं दिवसरात्र खाण्याबद्दल बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली, ताट चाटून पुसून घ्यायची, चिडचिडी झाली, माणसांत मिसळेनाशी झाली. आधी अगदी धडधाकट होती सगळी. तुमचं त्यांच्याएवढं टोकाचं नाहीये, पण दिशा तीच आहे. म्हणजे हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही, शरीर सांगतंय की कमी पडतंय. सहा महिने वजन हललं नाही म्हणजे तुम्ही जेवढं खाताय तेवढंच जळतंय हे खरं, पण ते खूप कमी खाण्यावर आणि खूप जास्त व्यायामावर जुळलंय, त्यामुळे दिवसभर ओढाताण.

म्हणून जिमचे दिवस सहावरून तीनवर आणताना खाणं पण थोडं वर न्यायचं, एकदम नाही. पहिले दोन आठवडे रोज १५०-१७० कॅलरी वाढवा, ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साधारण तेवढं होतं, किंवा एक भाकरी. काटा पट्ट्यात राहिला तर परत तेवढंच वाढवा. पट्टा ओलांडायला लागला की तिथे थांबायचं. साधारण दीड-दोन महिन्यांत तुम्हाला तुमची खरी पातळी सापडेल आणि मला खात्री आहे की ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा वर असेल. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, ते व्हिडिओ बघायची ओढ कमी झाली, की समजायचं बरोबर चाललंय. आणि तसं झालंच नाही, खायची भीती तशीच राहिली, खाल्लेलं फेडायला म्हणून व्यायाम करावासा वाटत राहिला, तर मात्र ट्रेनर बदलून उपयोग नाही, मानसोपचार करणाऱ्यांकडे किंवा डॉक्टरांकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हेच मुलींच्या बाबतीत अजून महत्त्वाचं आहे, डाएट आणि व्यायाम सुरू केल्यावर पाळी पुढे पुढे जायला लागली किंवा थांबली तर ते फिटनेसचं लक्षण समजू नका, आधी दवाखाना.

साखरपुड्याचा डबा. तुमच्या आईला डब्याचं वाईट वाटलं नसेल. मुलगा पंगतीत बसला पण पंगतीत नव्हता, याचं वाटलं असेल. लग्नाकार्यात काय खावं याची मी कुणाला यादी देत नाही, एवढंच सांगते की बसा, वाढू द्या, आपल्याला जे खरंच आवडतं ते दोन पदार्थ मनापासून खा, मग ती मसालेवांगी असो नाहीतर बासुंदी, आणि जे फक्त समोर आहे म्हणून खातो ते राहू द्या. बुफे असेल तर आधी हातात ताट न घेता एक चक्कर मारा, काय काय आहे ते बघा, मग घ्या. वर्षाला घरची-जवळची अशी किती कार्यं असतात, दहा? बारा? आठवड्याची २१ जेवणं धरली तर वर्षाची हजाराच्या वर होतात. त्या हजारातल्या बारा जेवणांनी तुमचं काही बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांनी, जी कुणाच्या आठवणीत पण राहत नाहीत.

सणांचं पण तेच. दिवाळी चार दिवसांची असते पण फराळाचे डबे पंधरा दिवस टेबलावर असतात, येता जाता चकली, येता जाता शंकरपाळी. लक्ष्मीपूजनाला पोटभर खा, भाऊबीजेला बहिणीकडे खा, आणि मधल्या दिवसांत डबे वरच्या फळीवर. श्रावणात उलटी गंमत होते, लोकांना वाटतं उपास म्हणजे हलकं, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रोटीन नावालाच, त्यात तूप, बटाटा आणि वर वेफर्स. साबुदाणा आवडतो ना, मग वाटीभर खा आणि सोबत दही, नाहीतर वरईचा भात आणि दाण्याची आमटी करा, राजगिऱ्याची भाकरी करा.

व्यायाम आणि मजा या दोन वेगळ्या खात्यात टाकल्यात तुम्ही, आणि नाशिकसारख्या गावात राहून हे मला खरंच पटत नाही. तुम्ही सिडको-अंबडच्या बाजूला राहता, पांडवलेणी तुमच्या घरामागे आहे म्हटलं तरी चालेल. शनिवारी सकाळी बायको-मुलांना घेऊन पायऱ्या चढा, लेणी बघा, खाली उतरून नेहरू वनोद्यानात पोरांना सोडा, दीड तास मस्त जातो आणि तुमची सत्तर-ऐंशी मिनिटं जमा होतात. थंडीत रामशेज किल्ल्यावर जा, सोपा आहे, आईवडील पण दमानं येतात. अंजनेरी, ब्रह्मगिरी मित्रांबरोबर. हरिहर किल्ल्याच्या कातळातल्या पायऱ्या पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी नको, तिथे गर्दीत अडकायला होतं, आडवारी जा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची त्र्यंबकची फेरी आहे, ब्रह्मगिरीची छोटी प्रदक्षिणा साधारण २० किलोमीटरची, रात्री निघायचं, सोबत हजारो माणसं, कुणी भजन म्हणतंय, कुणी चहा वाटतंय. त्याला कुठल्या ॲपमध्ये काय म्हणतात मला माहीत नाही, पण वीस किलोमीटर चालायला पाय लागतात, आणि ते पाय तुम्ही दीड वर्षं घाम गाळून तयार केलेत. ते वापरा की. रंगपंचमीला रहाडीत उडी मारायला, धक्काबुक्कीत उभं राहायला, परत वर चढायला पण अंगात ताकद लागते, पुढच्या वर्षी जिम बंद आणि तिकडे जा, माझ्याकडून लेखी घ्या.

इथे एक सांगावंसं वाटतं. आपल्या जिल्ह्यातून कविता राऊत यांच्यासारखी धावपटू झाली, सावरपाड्याची मुलगी, २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ. २०१५ ला आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आरपार सायकल रेस पूर्ण केली. अशा लोकांकडे बघून आपल्याला जोर येतो आणि यायलाच पाहिजे. पण खेळाडूचं वर्षसुद्धा भागात वाटलेलं असतं, तयारीचे महिने, स्पर्धेचे महिने, आणि नंतर मुद्दाम सैल ठेवलेले आठवडे. बारा महिने टोकावर कुणीच राहत नाही. तुम्ही दीड वर्षं न थांबता टोकावर आहात, तुम्हाला सैल महिने मिळालेच नाहीत.

माझ्याकडच्या लोकांचं वर्ष मी नाशिकच्या हवेप्रमाणे लावते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंगाला जोर असतो, सकाळी थंडी असते, गोल्फ क्लबच्या आणि कृषीनगरच्या ट्रॅकवर गर्दी असते, तेव्हा काही नवीन करायचं असेल तर करायचं, वजन वाढवायचं, धावायचं अंतर वाढवायचं. एप्रिल-मेमध्ये उन्हाची काहिली, लग्नं, सुट्ट्या, आमरस, तेव्हा फक्त टिकवायचं, आठवड्याला दोन सेशन आणि सकाळी सात-साडेसातच्या आत चालणं. पावसाळ्यात डोंगर. गणपती ते दिवाळी जमेल तसं, पण आठवड्याचं एक सेशन चुकवायचं नाही. लोकांना सुरुवातीला हे फार ढिलं वाटतं. पण हेच लोक माझ्याकडे सात-आठ वर्षं टिकतात, आणि जानेवारीत सहा दिवस येणारे होळीपर्यंत दिसेनासे होतात.

शिफ्टचं राहिलं, आणि ते तुमच्यासाठी खूप मोठं आहे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी तीन सेशन करा. सेकंडला सकाळी. नाइटच्या आठवड्यात एकच सेशन, आणि ते ड्युटीवरून आल्यावर नाही, झोपून उठल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला. रात्रभर जागून आल्यावर स्क्वॉट मारायचे आणि मग दोन तास झोपून उठायचं, हे तुम्ही करताय ते आजच बंद करा, त्यात मार बसायची शक्यता जास्त आणि फायदा कमी. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि मग कँटीनचा वडापाव दिसला की हात जातोच, त्याला तुमची जिद्द काय करणार. खोली अंधारी करा, फोन बाहेर ठेवा, सात तास झोपायचं बघा, तुकड्यात झाली तरी चालेल. रात्री दोन-तीनला भरपेट जेवण नको, ड्युटीला जाण्याआधी नीट जेवा आणि मध्ये दोन उकडलेली अंडी, चणे-दाणे, ताक असं काहीतरी.

घरच्यांबद्दल. वेगळं जेवण बंद करा. घरात जे शिजतं तेच खा, फक्त ताटातलं प्रमाण तुमचं. उसळ किंवा डाळ दोन वाट्या, भाजी भरपूर, पोळी किंवा भाकरी दोन-तीन, भात थोडा, दही. सगळ्यांच्या भाजीत तेल थोडं कमी झालं तर घरातल्या सगळ्यांचंच भलं आहे, पण ते बायकोशी बोलून, तिच्या मागे उभं राहून तेल मोजून नाही. शक्य असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक तुम्हीच करा, तुम्हाला प्रमाण पण कळेल आणि तिला इंदिरानगरच्या ट्रॅकवर चालायला जायला वेळ मिळेल. तुमच्या पूर्ण प्रश्नात तिच्या व्यायामाचा एक शब्द नाहीये, आणि पस्तिशीनंतर तिला पण स्नायूंची तेवढीच गरज आहे, हाडांसाठी तर तुमच्यापेक्षा जास्त.

गोळ्या चालू असणाऱ्यांनी, विशेषतः डायबिटीसच्या किंवा इन्सुलिनच्या, वरचं जेवणाचं आणि चालण्याचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, साखर खाली जाऊ शकते. चढ चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल तर चढणं थांबवून आधी तपासून घ्या.

प्रोटीन पावडर सोडू का, असं शेवटी विचारलंय. तुमच्या ७६ किलोला दिवसाला ९० ते ११० ग्रॅम प्रोटीन आलं की पुरे, आणि ते जेवणातून येत असेल तर पावडरची गरज नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, शिजवलेल्या डाळीच्या वाटीत ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, त्या हिशोबाने एकदा दिवसभराचं लिहून बघा. कमी पडत असेल तर एक स्कूप ठेवा, नाइट शिफ्टच्या आठवड्यात तर ठेवाच कारण तेव्हा जेवण विस्कळीत होतं. जो डबा चालू आहे तो संपवा आणि नवीन आणायच्या आधी हे गणित मला पाठवा, मी बघून सांगते.